मागली खोली

आपल्या घरी येणाऱ्या कागदांत घरपट्टीच्या कागदाइतका दुर्दैवी कागद दुसरा नसेल. विजेचे बिल आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, कारण ते न भरले तर घरात अंधार होतो. लग्नपत्रिका वाचतो, कारण तिच्यात नावे राहिली की नाती दुखावतात. घरपट्टीचा कागद मात्र आकडा पाहून, एक उसासा टाकून, घरातील वेदीच्या फळीवर पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचला जातो. तेथे तो जणू आशीर्वादासाठीच वर्षभर पडून राहतो.

आम्हीही याला अपवाद नव्हतो. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला न्याय्य कर आणि नागरिकाचे कर्तव्य या विषयावर आम्ही टिपणे काढली होती. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. परंतु कराचा प्रत्यक्ष कागद हाती घेऊन त्यातील रकाने समजून घ्यावेत, असे आम्हाला वयाच्या पन्नाशीपर्यंत कधी वाटले नाही. ते शिक्षण आम्हाला अंबरनाथ पश्चिमेच्या एका वृद्ध मावशींनी दिले. त्या शिकवणीत आमच्या विद्वत्तेची थोडी शोभा झाली, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

अंबरनाथ म्हटले की बाहेरच्या माणसाला वालधुनीच्या काठचे शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते. त्याच्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आहे. ते झाले पूर्वेचे अंबरनाथ. पश्चिमेचे अंबरनाथ भोंग्यावर उठणाऱ्या माणसांनी वसवले. १९२० नंतरच्या दशकात येथे काड्यापेटीचा मोठा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. काड्यापेटीचा कारखाना आज राहिलेला नाही, पण 'विम्को नाका' हे नाव लोकांच्या तोंडी कायम आहे. पोटाच्या पाठीमागे नगर, नाशिक, जालना येथून, वसईहून, गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती कुटुंबे आली आणि एका वेदीभोवती जमली. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीने उखडलेली माणसे लष्करी बराकीत संसार थाटत होती. या सगळ्या पट्ट्यात घर एका दमात फारसे कोणी बांधले नाही. आधी एक खोली, मग पडवी, मग पडवीला भिंती, मग भिंतींवर पत्रे, अशा क्रमाने घरे वाढली. नगराच्या कारभाराचेही तसेच झाले. १९८३ साली अंबरनाथ कल्याणच्या महापालिकेत गेले आणि १९९२ साली पुन्हा वेगळे होऊन त्याची नगरपरिषद झाली. दप्तरे इकडून तिकडे गेली, घरे मात्र आपल्या गतीने वाढतच राहिली.

एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर या मावशी आमच्या कार्यालयाच्या दारात उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोऱ्याने बांधलेल्या पावत्यांचा गठ्ठा. त्यांचे यजमान श्रीरामपूरकडचे. तरुणपणी काड्यापेटीच्या कारखान्यात लागले. कारखाना सुटल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवून शिलाईचे दुकान थाटले. शाळेचे गणवेश, परमप्रसादाचे पहिले झगे आणि वेदीसेवकांचे पोशाख त्यांच्याच हातचे. ते देवाघरी गेल्याला सात वर्षे झाली होती. मावशींना १९९५ च्या योजनेतले निवृत्तिवेतन मिळते. ही योजना ज्यांना ठाऊक आहे त्यांना रक्कम सांगण्याची गरज नाही.

"फादर, एवढी पट्टी मला कशी आली, ते वाचून सांगा," त्या म्हणाल्या. "मागल्या दोन सालाची भरता आली नाही. आता हा नवा कागद आलाय."

तो नवा कागद म्हणजे आकारणीची विशेष नोटीस होती. ती वाचताना पहिल्यांदा आमच्या लक्षात आले की या कागदात एक संपूर्ण घर लिहिलेले असते. घर कोणाचे, किती चौरस मीटर, भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, बांधकाम कोणत्या साली झाले आणि वापर कशासाठी, असे रकाने होते. मावशींच्या पुढच्या खोलीपुढे 'निवासेतर' असा शब्द होता. सारे दुखणे त्या एका शब्दात होते. शिलाईयंत्र सात वर्षांपूर्वी विकले गेले. त्या खोलीत आता मावशींची खाट आहे, हरेगावच्या मतमाउलीची तसबीर आहे आणि संध्याकाळी शेजारच्या चारपाच बाया जपमाळेसाठी बसतात. परंतु शटर काढून भिंत घालायला पैसे नव्हते, म्हणून शटर तसेच राहिले. दुकान बंद झाल्याचे कोणी लेखी कळवले नव्हते. दप्तरात जे होते तेच पुढे चालत आले. यात दप्तराचा दोष तो काय?

वाचकहो, येथे थोडे हिशेबात शिरणे भाग आहे. कंटाळू नका, कारण हा हिशेब आपल्या प्रत्येकाच्या घराचा आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. भाडेमूल्यावर आधारलेल्या पद्धतीत घर एका वर्षासाठी भाड्याने दिले तर रीतसर किती भाडे येईल याचा अंदाज धरतात. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य. त्या मूल्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर बसतो आणि जोडीला शिक्षण कर, वृक्ष कर यांसारखे इतर करही त्याच बिलात येतात. उदाहरणादाखल तीस चौरस मीटरचे घर घ्या. दर महिना चौरस मीटरला दहा रुपये धरला तर वर्षाचे ३,६०० रुपये होतात. त्यातून ३६० वजा केले की करयोग्य मूल्य ३,२४० रुपये. आता त्याच घरातील दहा चौरस मीटर दुकान म्हणून धरले आणि त्याचा दर तीस रुपये लावला, तर त्या एकाच खोलीचे मूल्य ३,२४० रुपये होते. उरलेल्या वीस मीटरांचे २,१६० मिळवले की बेरीज ५,४०० वर जाते. घर तेच, माणसेही तीच. एका शब्दाने बोजा दीडपटीहून अधिक झाला. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. दर गावोगावी वेगळे असतात, पण गणिताची रीत ही अशी आहे.

ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. यादी तयार झाली की ती जाहीर करतात आणि ज्याला ती मान्य नसेल त्याला लेखी हरकत घेण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत देतात. हरकतीवर सुनावणी होते, गरज पडल्यास जागेची पाहणी होते, आणि मगच यादी कायम होते. हे तीस दिवस फार मोलाचे असतात. ते निसटले तर पुढे अपिलाची वाट आहे, पण ती अधिक चढणीची आहे. अपील करणाऱ्याला मागणीची रक्कम आधी भरावी लागते आणि थकलेल्या रकमेवर महिन्यागणिक शास्ती चढत राहते.

त्या तीस दिवसांचे मोल आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो होतो. आधीच्या एका धर्मग्रामात असताना अशीच एक नोटीस आमच्या हाती आली होती. आम्ही ती प्रार्थनाग्रंथात खूण म्हणून ठेवली आणि तेथेच विसरलो. स्तोत्रांच्या पानांतून ती पुन्हा वर आली तेव्हा मुदत संपून गेली होती. पुढील काही वर्षे धर्मग्रामाच्या पेटीतून आम्ही आमच्या विसराळूपणाचे मोल भरत होतो. म्हणून मावशींच्या नोटिशीवरची तारीख पाहताच आम्ही बोटांवर दिवस मोजले. नऊ दिवस उरले होते.

करासंबंधी कुरकुर करणे ही कोत्या मनाची गोष्ट आहे, असे आपल्याकडील काही सज्जनांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. १८१० साली कंपनी सरकारने घरांवर कर बसवला, तेव्हा त्या वर्षाच्या अखेरीस काशीच्या रहिवाशांनी दुकाने बंद केली, कामधंदा सोडला आणि हजारोंच्या संख्येने ते उघड्या मैदानात जाऊन बसले. शस्त्र न उचलता त्यांनी आपले म्हणणे मांडले आणि पुढे सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. घर म्हणजे माणसाचा आसरा आहे, त्यावर हात पडताना त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, ही जाणीव आपल्या भूमीत जुनी आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉयच्या स्वागतावर पालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला, तोही याच जाणिवेतून. पट्टी देणाऱ्याला विचारण्याचा अधिकार असतो.

अगदी अलीकडचे उदाहरण मुंबईचे आहे. तेथे भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर कर बसवण्याची पद्धत २०१० पासून लागू करण्यात आली. मोकळ्या जमिनीचे मूल्य ठरवताना तिच्यावर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हेही हिशेबात धरणारे नियम केले गेले. मालमत्ताधारक न्यायालयात गेले. २०१९ साली उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर त्याचे सार एवढेच की, जमीन आज जशी आहे तशी मोजा, उद्या तिच्यावर काय उभे राहू शकेल त्याचा कर आज मागू नका. हा निकाल वाचताना आम्हाला मावशींचे शटर आठवले. मुंबईत उद्याच्या इमारतीवर कर लागत होता, येथे कालच्या दुकानावर लागत होता. कर मागायचा तर तो आजच्या घरावर मागावा, एवढेच दोन्हीकडे म्हणणे होते.

असे सगळे वाचून, ऐकून आणि कर खात्यातून निवृत्त झालेल्या एका परिचितांना विचारून आम्ही बुधवारी रात्री हरकतीचा अर्ज लिहिला. मालमत्ता क्रमांक, नोटिशीची तारीख, पुढच्या खोलीचा खरा वापर, दुकान बंद झाल्याचे साल, यजमानांच्या मृत्यूचा दाखला, शेजाऱ्यांचे निवेदन. अर्ज आमच्या दृष्टीने उत्तम उतरला होता. खरे सांगायचे तर आम्ही त्यावर थोडे खूष होतो.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही तो घेऊन मावशींच्या घरी गेलो. जपमाळ नुकतीच संपली होती. मुलगा कामावरून आला होता, सूनबाईंनी चहा ठेवला. मावशी म्हणाल्या, "फादर, मोठ्यानं वाचा. माझा अंगठा नाही, मी सही करते. काय लिहिलंय ते कळाया पाहिजे."

आम्ही वाचला. मावशींनी डोळे मिटून ऐकला, जणू शुभवर्तमानाचा पाठ चालला आहे. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मागली खोली लिवायची राहिली का, फादर?"

आम्ही गप्प झालो. मागली खोली राहिली नव्हती, ती आम्ही ठेवली होती. आजाऱ्यांना परमप्रसाद द्यायला त्या वाटेने जाताना आम्ही ती अनेकदा पाहिली होती. मुलाचे लग्न झाले तेव्हा मागच्या पडवीला विटांच्या भिंती घालून ती केली होती. त्याला अकरा वर्षे झाली होती. नोटिशीत तिचा उल्लेख नव्हता. ना तिची परवानगी घेतली होती, ना तिची पट्टी कधी भरली होती.

आम्ही म्हणालो, "मावशी, आपली हरकत पुढच्या खोलीबद्दल आहे. आपल्याला जे विचारले नाही ते सांगण्याची सक्ती नाही. मौन म्हणजे असत्य नव्हे." सेमिनरीत शिकलेला भेद आम्ही त्यांना समजावून सांगू लागलो. खोटे बोलणे वेगळे आणि सत्य मनात राखून ठेवणे वेगळे. आमच्या जुन्या प्राध्यापकांनी यावर दोन तास व्याख्यान दिले होते. मुलानेही दुजोरा दिला. "फादर बरोबर बोलतात, आई. पुढचं कमी होईल ते मागं वाढेल. वर बिनपरवाना म्हणून दंड बसला तर? तू गप सही कर."

मुलाची भीती निराधार नव्हती. विनापरवाना बांधकामावर शास्ती बसवण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि कर भरला म्हणून असे बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हेही खरे आहे. म्हणजे हरकत घ्यायला गेलेल्या माणसाला दार उघडावे लागते, आणि उघडलेल्या दारातून सगळेच घर दिसते. हे केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये १९९३ पासून घरांवरील कर पट्ट्यांनी आकारतात. १ एप्रिल १९९१ रोजी घराची जी किंमत झाली असती तिच्यावरून 'ए' ते 'एच' असे आठ पट्टे केलेले आहेत. आपला पट्टा चुकला आहे असे वाटणाऱ्याला तेथे फेरविचार मागता येतो, पण फेरविचारात पट्टा खाली येण्याऐवजी वरही जाऊ शकतो. न्याय मागणाऱ्याने न्यायासाठी तयार असावे, हा दंडक सर्वत्र सारखाच दिसतो.

मावशींनी आमचे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले. मग एवढेच विचारले, "ते मोजाया येतील तवा मी मागलं दार लावून घेऊ का, फादर?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. फादर सांगतील तसे त्या करणार होत्या. दार लाव म्हटले असते तर त्यांनी लावले असते, आणि पुढच्या शनिवारी पापनिवेदनाला येऊन आमच्याच कानात ते सांगितले असते! चाळीस वर्षे ज्या माणसाने वेदीवरचे पोशाख शिवले त्याच्या विधवेला आम्ही दार लावायला शिकवत होतो, आणि तेही नीतिशास्त्राच्या आधाराने. आम्हाला उत्तर सुचले नाही. चहा निवत गेला.

अखेर मावशीच बोलल्या. "दुकान नाही, त्याची पट्टी मी का देऊ? पण खोली आहे, तर तिची का देऊ नये? माझं नातवंड त्या खोलीत निजतं. त्याच्या दारासमोरून रातीचा दिवा जळतो तो पट्टीतूनच ना?" मुलगा उठून बाहेर गेला. आम्ही तो अर्ज खिशात घातला आणि त्या रात्री दुसरा लिहिला. त्यात पुढच्या खोलीनंतर मागल्या खोलीचाही परिच्छेद होता. ती कोणत्या साली झाली, किती लांब, किती रुंद, हे त्यात लिहिले आणि आजवर तिची नोंद न केल्याबद्दल दिलगिरीही लिहिली. शुक्रवारी सकाळी मावशींनी सही केली. एक प्रत देऊन दुसरीवर पोच घेतली. मुदतीचे चार दिवस तेव्हा बाकी होते.

सुनावणीच्या दिवशी मुलगाच आईला घेऊन आला. तो येईल असे आम्हाला वाटले नव्हते. अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, मागल्या खोलीच्या परिच्छेदापाशी आले तेव्हा चष्म्यावरून मावशींकडे पाहिले. "दुकान बंद झाल्याचे तेव्हाच का नाही कळवले?" त्यांनी विचारले. मावशी म्हणाल्या, "साहेब, माणूस गेल्याचं कळवलं. दुकान गेल्याचं कळवायचं असतं हे ठाऊक नव्हतं." अधिकारी काही बोलले नाहीत. त्यांनी पाहणीचा शेरा मारला.

पाहणीला कर्मचारी फीत घेऊन आले. मावशींनी आतून शटर वर केले. ते सहसा कोणी उघडत नसे, म्हणून करकरले. आत खाट, तसबीर, जपमाळ. मग त्यांनी स्वतः पुढे होऊन मागचे दार उघडले. "ही बघा," म्हणाल्या, जणू पाहुण्यांना घर दाखवत आहेत.

निकाल काय लागला, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. पुढची खोली निवासी ठरली. मागली खोली यादीत चढली आणि तिच्या मागील काळापोटीही काही रक्कम भरावी लागली. नवी वार्षिक पट्टी नोटिशीतल्या आकड्याहून बरीच कमी आली, पण मागली खोली लपवली असती तर आली असती त्याहून जास्तच. दोन वर्षांची जुनी बाकी माफ झाली नाही, कारण त्या बिलांवर वेळेत हरकत घेतलेली नव्हती. ती मुलाने हप्त्याहप्त्याने फेडली. यात चमत्कार कोठेही नाही. एका घराची खरी मापे कागदावर आली, एवढेच झाले. पण मावशी त्या कागदाकडे पाहून म्हणाल्या, "आता हे माझं घर दिसतंय." ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले.

यानंतर कित्येक दिवस आम्ही शुभवर्तमानातील जकातदारांकडे नव्या नजरेने पाहत होतो. यार्देनेच्या काठी जकातदार योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांना धंदा सोडायला सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. प्रभूने जक्कयाच्या घरी उतरायचे ठरवले तेव्हा जक्कयाने स्वतः होऊन आपल्या वह्या उघडल्या आणि ज्याचे अधिक घेतले होते त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. आणि संत मत्तय, जो स्वतः जकातनाक्यावरून उठून आला होता, तो एक प्रसंग सांगतो जो इतर तिन्ही शुभवर्तमानांत नाही. मंदिराचा कर मागणारे पेत्राकडे आले. प्रभूने पेत्राशी बोलताना आधी तत्त्व स्पष्ट केले की पुत्रांना हा कर लागू होत नाही. आणि मग, कोणाला अडखळण होऊ नये म्हणून, तो भरण्याची व्यवस्थाही केली, स्वतःचा आणि पेत्राचा मिळून. हरकतही आहे आणि भरणाही आहे. दोहोंपैकी एकच करणारी माणसे पुष्कळ भेटतात. मुकाट्याने भरणारे आपला हक्क विसरतात, मोठ्याने भांडणारे आपले देणे विसरतात.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 'आधुनिक जगात ख्रिस्तसभा' या विषयावरील आपल्या संविधानात न्याय्य कर चुकवण्यासाठी युक्त्या लढवणाऱ्यांची स्पष्ट शब्दांत कानउघाडणी केली आहे. ते संविधान डिसेंबर १९६५ मधले. आपल्या नगरपरिषदांचा अधिनियमही १९६५ चाच. सेमिनरीत आम्ही एक वाचले आणि दुसरे वाचले नाही. मावशींनी दोन्ही वाचले नव्हते, पण दोहोंतला मुद्दा त्यांना आमच्याआधी समजला.

आता आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना हात जोडून सांगणे आहे. तसबिरीमागचा कागद काढा. त्यातील नाव पाहा. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी घर त्यांच्याच नावावर असते आणि मग वारसनोंदीच्या वेळी भावाभावांत वाद पेटतात. क्षेत्रफळ पाहा, वापराचा रकाना पाहा, बांधकामाचे साल पाहा. चूक असेल तर तीस दिवसांच्या आत, स्वच्छ मराठीत, लेखी कळवा. पोच घ्या आणि ती जपून ठेवा. घरात बदल झाला, दुकान निघाले, दुकान मिटले, भाडेकरू आला, भाडेकरू गेला, तर ते विचारण्याची वाट पाहू नका. आपल्याकडे वाचता न येणारी शेजारीण असेल तर तिचाही कागद वाचा. आमच्या लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत शुभवर्तमानाच्या वाचनानंतर दहा मिनिटे या कामाला दिली, तर शुभवर्तमानाचा अवमान होणार नाही.

आणि हे सांगून झाले म्हणजे स्वतःकडे वळणे आले. मावशींच्या घरून परतल्यावर आम्ही धर्मग्रामाच्या मालमत्तेचा कागद कपाटातून काढला. उपासनेच्या जागेला करात सवलत मिळते, ती चर्चला मिळालेली होती, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच नोंदीच्या छत्राखाली आमचे छोटे सभागृहही होते. लग्नाच्या मेजवानीला, बारशाला, वाढदिवसाला आम्ही ते भाड्याने देतो. ज्या जागेतून भाडे येते तिला उपासनेची सवलत कशी मागावी? कोणी विचारले नव्हते. अनेक वर्षे कोणीच विचारले नव्हते.

धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा बराच वेळ शांतता होती. मग एक वडीलधारे सभासद म्हणाले, "फादर, ते पैसे गरिबांच्या शिक्षणालाच जातात. आपण होऊन कशाला सांगायचे?" युक्तिवाद चांगला होता. आम्ही स्वतःही तो गुरुवारी संध्याकाळी, थोड्या वेगळ्या शब्दांत, एका वृद्धेपुढे केला होता. त्यामुळे त्याचे उत्तर आम्हाला पाठ होते.

आम्ही विचारले, "ते मोजायला येतील तेव्हा आपण सभागृहाचे दार लावून घ्यायचे का?"

कोणी काही बोलले नाही. बैठक प्रार्थनेने संपली. त्या रात्री आम्ही टेबलाशी बसलो, कोरा कागद घेतला आणि सभागृहाची लांबी व रुंदी वर लिहून अर्जाला सुरुवात केली.